लीनाच्या बाळाची मान

शुक्रवार, ६ जानेवारी १९७८, फहाहील, कुवेत

कंपनीने यंदा सगळ्या इंजिनियरांना डायऱ्या वाटल्या. निळं कव्हर, मागे वजनमापांचा तक्ता. दरवर्षी विजया ती पाककृती लिहायला ढापते. यंदा ढापायला ती इथे नाही, म्हणून मीच लिहायला बसलो आहे.

विजया महिन्यापूर्वी नाशिकला गेली, तिच्या थोरल्या बहिणीकडे, प्रेमाताईंकडे, बाळंतपणाला. आठवा लागला की विमानवाले कटकट करतात, म्हणून लवकर जावं लागलं. लीनाची दुसरीची परीक्षा मार्चमध्ये, त्यामुळे ती माझ्याजवळ. शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत ती खालच्या मजल्यावर बिल्कीसभाभींकडे असते. भाभी हैदराबादच्या. स्वयंपाक, शिवण आणि माझी थट्टा या तिन्हीत तरबेज.

विजया जाताना म्हणाली होती, "लीनाला छानसं काहीतरी घेऊन द्या, तिचं मन रमेल." म्हणून आज सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून, बाहुली आणली. सोनेरी केस, निळे डोळे, आडवी केली की डोळे मिटते आणि पोट दाबलं की 'ममा' म्हणते. जपानी यंत्रणा आहे, मी उघडून पाहिली.

लीनाने बाहुली हातात घेतली, उलटी केली आणि परत दिली.

"बाबा, ही बेबी नाही. ही लेडी आहे."

"मग कशी हवी?"

"आई आणणार आहे तसलं. बाळ. मऊ. आणि आईचं यायच्या आधी माझं यायला पाहिजे."

विजया गेल्यापासून 'बाळ' हा शब्द ती पहिल्यांदाच बोलली. मला बरं वाटलं. पण लगेच पुढे म्हणाली, "नाहीतर मी एअरपोर्टवर येणारच नाही. तुम्ही एकटे जा त्या दोघींना आणायला."

दोघी की दोघे ते अजून कोणालाच माहीत नाही. मी मात्र लगेच म्हणालो, "मी शिवून देतो." शिवणकामाचा माझा अनुभव म्हणजे शर्टाची दोन बटणं. पण मनुष्य रिफायनरीतलं प्रेशर सांभाळतो, त्याला एक कापडाचं बाळ जमणार नाही?

सोमवार, ९ जानेवारी

आधी ड्रॉइंग. त्याशिवाय काम सुरू करणारा इंजिनियर नव्हे.

लीनाचा दोन महिन्यांची असतानाचा फोटो काढला आणि पट्टी लावून मापं घेतली. बाळाचं डोकं एकूण लांबीच्या एक चतुर्थांश असतं, हे मला आजवर माहीत नव्हतं. समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन दृश्यं काढली, निम्म्या मापाने. जेवणाच्या सुट्टीत उदयने ते पाहिलं. उदय माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, पुण्याचा आहे, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही.

"काय रे शशिकांत, हा कुठल्या टाकीचा सपोर्ट?"

मी सांगितलं. त्यावर त्याने ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रीतसर नंबर टाकला आणि 'तपासले' म्हणून सही केली. तपासलं काहीच नव्हतं. मानेचा व्यास मी फारच कमी धरला होता, ते त्याला तेव्हा दिसायला हवं होतं.

शुक्रवार, १३ जानेवारी

आज कापड. लहान बाळाला नवं कापड टोचतं, जुनेरच लागतं, एवढं मला ठाऊक आहे. लीनाच्या वेळी सासूबाईंनी जुन्या लुगड्यांतूनच झबली, टोपडी, दुपटी सगळं शिवलं होतं. बिचाऱ्या दोन वर्षांपूर्वी गेल्या, नाहीतर या वेळीही त्याच बसल्या असत्या.

घरात जुनेर मिळेना. माझा बनियन काढला, लीनाने नाक मुरडलं. मग ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही. आली ती एक घडी छातीशी धरून. सुती, नऊवारी, राखी रंगाचं, जांभळ्या काठांचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं.

"हे चालेल?"

"उत्तम! कुठे होतं?"

"खाली. जुनंच आहे, बाबा. आई नेसत नाही हे."

खरंच, विजया पाचवारी नेसते, हे तिच्या काय उपयोगाचं? मी ताबडतोब कात्री लावली. लीना शेजारी उभी राहून कात्रीकडे टक लावून बघत होती, डोळ्याची पापणी लवली नाही. मुलीला कामात रस आहे. उद्या इंजिनियर झाली तर आश्चर्य वाटायला नको.

मंगळवार, १७ जानेवारी

चार दिवस शिवतोय. बोटांना सात भोकं. धड आणि डोकं एका पिशवीचं झालं, हात-पाय निराळे जोडायचे आहेत. सुई माझ्या हातातून अंगठ्यात अशा सफाईने जाते की कापड मध्ये येतच नाही.

बिल्कीसभाभी बिर्याणीचा डबा घेऊन आल्या. टेबलावरच्या वस्तूकडे पाहून म्हणाल्या, "भाईसाब, ये बैंगन किस वास्ते सी रहे?"

लीना खुदकन हसली. महिन्याभरात एवढी हसली नव्हती. तेवढ्यासाठी वांगं म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही. भाभींनी जाताना दोन गोष्टी शिकवल्या: दोरा दातांनी तोडायचा नाही, आणि शिवण उलट्या बाजूने घालून मग कापड सुलटं करायचं. मी सगळं सुलट्या बाजूनेच शिवलं होतं. उसवलं.

शनिवार, २१ जानेवारी

तार आली! काल पहाटे मुलगी झाली, दोघी खुशाल. ऑफिसमध्ये शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना पेढे दिले, म्हणजे इथले पेढे, खजुराचे. आनंदात गाडी चुकीच्या वळणाने थेट अहमदीला नेली आणि परत आलो.

लीनाला उचलून सांगितलं, "तुला बहीण झाली!"

"माझं तर अजून झालंच नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होता आधी होईल." मग खाली उतरली आणि दप्तर भरायला लागली, ते आधीच भरलेलं असताना.

माझंच चुकलं. मी कामाचा अंदाज द्यायला नको होता, जसा कंत्राटदाराला देऊ नये तसा.

सोमवार, २३ जानेवारी

ट्रंककॉल लागला. विजयाचा आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा, पण ऐकून जीव थाऱ्यावर आला. बाळ साडेसहा पौंडांचं. बारसं एकतीसला. माझी बहीण प्रभा पुण्याहून आत्या म्हणून येणार आहे, नाव सुचित्रा ठेवायचं ठरलंय. "लीनाला द्या," विजया म्हणाली. लीना फोनजवळ उभी होती. मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला. ती फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. तिकडून विजया "लीनू, बोल ना गं," म्हणत होती तेवढ्यात तीन मिनिटं संपली.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "साडेसहा पौंड म्हणजे किती?"

मागच्या तक्त्यातून सांगितलं, तीन किलोला थोडं कमी. तिने आमचं अर्धवट बाळ आणलं, हातावर तोललं. "हे हलकं आहे. कापूस आहे हा. खरं बाळ हलकं नसतं."

मुद्दा रास्त आहे.

शुक्रवार, २७ जानेवारी

वजनासाठी वाळू. या देशात कशाची टंचाई असली तरी वाळूची नाही. समुद्रावरून पिशवीभर आणली, सात पाण्यांनी धुतली, विजयाच्या चिवड्याच्या कढईत भाजून कोरडी केली (हे तिला सांगायचं नाही). पोटात भरायची ती मी डोक्यात भरली, कारण कापसाने डोक्याला टेंगळं येत होती आणि वाळूने ते असं गरगरीत झालं की बघत राहावं. अर्धा किलो एकट्या डोक्यात. वर लुगड्याचा दुहेरी थर, म्हणजे गळती नाही. डोळे काळ्या दोऱ्याचे. तोंड लीनाने स्वतः भरलं, एकाच लाल टाक्याचं. थोडं वाकडं झालंय, त्यामुळे बाळ कायम काहीतरी विचारात असल्यासारखं दिसतं.

मग उभं धरलं आणि डोकं मागे कलंडलं. पुढे झुकवलं, छातीवर आपटलं. डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे. मान म्हणून जे काही केलं होतं त्याला काडीचा आधार नव्हता. अर्धा किलोचा भार आणि काडीएवढा सपोर्ट! कामावर असं डिझाइन दिलं असतं तर घरी बसवलं असतं.

"आत रबरी नळीचा तुकडा बसवतो, ताठ होईल," मी म्हणालो आणि कात्री घेतली.

तेवढ्यात भाभी आल्या. त्यांनी बाळ हातात घेतलं, मान पाहिली आणि आपला तळवा डोक्याखाली सरकवला. "बच्चे की गर्दन ऐसीच रहती, बेटा. चार महीने तक ऐसीच. हात नीचे रखने का, ये देख."

माझी बाजू राखली त्यांनी. चांगल्या मनाची बाई. पण लीनाने ते खरं मानलं आणि बाळ माझ्यापासून लांब नेलं. "हात नाही लावायचा, बाबा. तसंच असतं."

मी तिला समजावलं की हा दोष आहे, दुरुस्त होईल. ऐकलं नाही. आईवर गेली आहे.

मंगळवार, ३१ जानेवारी

आज नाशिकला सुचित्राचं बारसं आणि इथे लीनाच्या बाळाचं. एकाच मुहूर्तावर, कुवेतच्या घड्याळाप्रमाणे.

गेल्या तीन दिवसांत मी काय काय केलं ते लिहून ठेवतो, पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही. दोन झबली, पुढून बंदांची. एक टोपडं. तीन लंगोट. गोधडी. इन्स्ट्रुमेंटच्या तांब्याच्या तारेचे वाळे, टोकं घासून गुळगुळीत केलेली. मनगट्यांना काळे मणी भाभींच्या जुन्या पर्सवरचे. पाळणा म्हणजे वफ्र्याच्या मळ्यांतल्या टोमॅटोंचं लाकडी खोकं, चारी कोपऱ्यांत हुक ठोकून पडद्याच्या दांडीला टांगलेलं. कुंची शिवली ती ड्रॉइंगबरहुकूम, पण डोकं वाळूने फुगलं होतं आणि मी मापं बदलली नव्हती. बारशाच्या ऐन वेळी ती डोक्यातून जाईना. मागून उभी चिरली आणि नाडी लावली. समोरून कळत नाही.

आत्या कोण होणार, हा प्रश्न आला. भाभी म्हणाल्या, "मैं फुप्पी बनती." वरवंटा नव्हता, म्हणून त्यांच्या खलबत्त्यातल्या बत्त्याला टोपडं घालून पाळण्याखालून फिरवला. घुगऱ्या काबुली चण्यांच्या झाल्या. लीनाने तळवा मानेखाली धरून बाळ पाळण्यात ठेवलं, भाभी कानात कुर्र करायला वाकल्या आणि आत्याच्या पाठीत घालायचा धपाटा मी मागे उभा राहून माझ्याच खांद्यावर हलकेच मारून घेतला. कारण भाभींच्या पाठीत मी कसं मारणार?

"नाव काय ठेवायचं?"

"बाळ," लीना म्हणाली. "बाळाला बाळच म्हणतात."

मग घुगऱ्या खाता खाता मी सहज म्हणालो की आता सुचित्रा या बाळाची मावशी झाली. लीना चणा चावायची थांबली.

"मावशी? ती तर बारा दिवसांची आहे."

"तरी मावशीच. तुझी धाकटी बहीण ना."

झोपताना बाळाला सांगताना ऐकलं, "तुझी मावशी खूप छोटी आहे. तिला काही येत नाही."

शनिवार, ११ फेब्रुवारी

विजयाचं पत्र. चार पानं. मी नेहमीप्रमाणे लीनाला मोठ्याने वाचून दाखवत होतो. बारशाला कोण आलं, सुचित्राचं नाक कोणावर गेलंय, सगळं. तिसऱ्या पानावर हे आलं:

"खालच्या खणात उशीच्या अभ्र्यात आईचं जांभळ्या काठांचं लुगडं गुंडाळून ठेवलंय, तिचं तेवढं एकच उरलंय. ते तिथेच असू द्या. लीनाचं दुपटं आईने तिच्या लुगड्याचं शिवलं होतं, हिचं मी आल्यावर त्याचं शिवणार. आईचा हात हिच्या अंगावरून फिरायला नको का? लीनाला माहीत आहे, मी तिच्यासमोरच ठेवलं."

मी ते मोठ्याने शेवटपर्यंत वाचून टाकलं. वर पाहिलं तर लीना खोलीत नव्हती.

मी काय करून बसलो! सासूबाईंचं शेवटचं लुगडं, आणि मी त्याचं डोकं करून त्यात वाळू भरली! विजया आईची आठवण आली की मला पाठमोरी होते आणि भांडी घासायला लागते, घासलेलीसुद्धा. तिला काय सांगू?

एक मात्र कळलं नाही. लीनाला माहीत होतं, तर ती बोलली कशी नाही? लहान आहे, विसरली असेल. जेवलीही नाही आज. घुगऱ्यांपासून तिचं पोट बरं नाही बहुतेक. ओवा दिला.

सोमवार, २० फेब्रुवारी

योजना ठरली. तशाच रंगाचं सुती कापड सूकमध्ये मिळालं. जांभळा काठ शिवून लावायचा. प्रश्न मऊपणाचा. विजया हात लावताच ओळखेल. म्हणून मशीनमध्ये धुणं सुरू केलं. सहा वेळा झालं. प्रत्येक धुण्यानंतर गालाला लावून पाहतो आणि आलेख काढतो. आलेख अजून आडवा आहे.

उरलेलं लुगडं शोधलं, खणात ठेवून देण्यासाठी. सापडलं नाही. निम्म्याहून जास्त होतं, जाईल कुठे? लीनाला विचारलं. ती म्हणाली, "मला काय माहीत?" आणि आपल्या बाळाची मान सांभाळत निघून गेली.

शनिवार, २५ फेब्रुवारी

राष्ट्रीय दिवसाची सुट्टी. रस्त्यावर दिव्यांच्या माळा. लीनाला घेऊन समुद्रावर गेलो. बाळही आलं, कुंची बांधून. एका कुवेती आजीबाईंनी वाकून पाहिलं आणि मानेखालच्या हाताकडे बोट दाखवून लीनाच्या गालाला हात लावला, अरबीत काहीतरी बोलल्या. फक्त 'माशाल्ला' समजलं.

धुणी अकरा.

रविवार, ५ मार्च

लीना आता रोज संध्याकाळीही भाभींकडे जाते. अभ्यास, म्हणे. गणित सुधारत असावं. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या आहेत. शाळेत कंपासचं टोक लागलं, म्हणाली. दुसरीत कंपास कशाला लागतो? शाळेत चौकशी करायला हवी.

माझ्या शिवणाच्या डब्यातली लांब सुईही गायब आहे. भाभींनी नेली असेल.

आज विजयाला सगळं खरं लिहायला बसलो. "प्रिय विजया, एक सांगायचं आहे," इथपर्यंत छान जमलं. मग हवामानाबद्दल लिहिलं.

शुक्रवार, १७ मार्च

धुळीचं वादळ. दुपारी दिवे लावावे लागले. धुणी एकोणीस. काठ लावला, तो आटला आणि कापडाला चुण्या पडल्या. गालाला लावलं तर अजून ताडपत्रीच.

सासूबाईंनी ते लुगडं किती वर्षं नेसलं असेल? वीस? रोज धुतलं तर सात हजार धुणी होतात. मी हे आधी काढायला हवं होतं. आज खूप वाईट वाटलं, लिहूनच टाकतो.

लीनाने बाजूला येऊन विचारलं, "बाबा, आई खूप रागावेल?"

"माझ्यावर, बेटा. तुझ्यावर नाही. तू काय केलंस?"

तर ती एकदम रडायलाच लागली. बापाची एवढी काळजी करणारी मुलगी मिळायला भाग्य लागतं. मी तिला उद्या आइस्क्रीमला नेतो म्हणालो. त्यावर आणखी रडली.

गुरुवार, ३० मार्च

परीक्षा संपल्या. विजया पुढच्या शुक्रवारी येतेय! लीनाला विचारलं, "एअरपोर्टवर येणार ना?"

"मला कामं आहेत," ती म्हणाली आणि खाली पळाली.

मग मी भाभींकडे गेलो, मन मोकळं करायला. त्यांनी दार अर्धंच उघडलं, मला आत बोलावलं नाही, असं कधी होत नाही. "आयेगी, भाईसाब. फिकर नक्को करो. आप धुलाई करो."

धुणी तेवीस. आता थांबवतो. कापड विरलं, मऊ झालं नाही.

शुक्रवार, ७ एप्रिल

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी लीना माझ्या आधी तयार. बाळाला खोक्यात झोपवलं, भाभींना सांगितलं की तासाने कूस बदलायची, आणि गाडीत जाऊन बसली. मी काही विचारलं नाही. विचारलं की बिघडतं.

विमान दीड तास उशिरा. मग गर्दीतून विजया दिसली. बारीक झालीय. खांद्यावर पिशवी, दातांत लशीचं कार्ड, छातीशी पांढरं गाठोडं, आणि ट्रॉली भलतीकडेच चाललेली. पिशवी घसरली, ती ओरडली, "अहो, हिला धरा जरा!"

मी पोचायच्या आत लीना पुढे झाली होती. दोन्ही हात पसरून.

"अगं लीनू, तू नको, तुला जमणार नाही, तिची मान अजून..."

"माहितेय," लीना म्हणाली.

ती सुटकेसवर बसली. डावा तळवा मानेखाली, कोपर वर, उजवा हात कमरेखाली. तिने सुचित्राला असं घेतलं की जणू जन्मभर हेच काम केलंय. सुचित्राने तोंड वाकडं करून तिच्याकडे पाहिलं. एवढी गर्दी, एवढा गोंगाट, पण दोघी अगदी शांत.

विजयाच्या तोंडातलं कार्ड खाली पडलं. "कोणी शिकवलं तुला?"

"आपल्या बाळाची पण अशीच आहे," लीना म्हणाली. "बाबांनी केलीय."

विजयाने माझ्याकडे पाहिलं. तशा कौतुकाने तिने लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिलं असेल. "मुद्दाम तशी केलीत?"

"हो," मी म्हणालो. इथे डायरीत खोटं लिहिणार नाही, तिथे बोललो.

मग मी हात पुढे केले. माझी मुलगी, मी अजून पाहिलीही नव्हती. लीनाने मला वरपासून खालपर्यंत तपासलं. "बाबा, आधी मान." मी तळवा नीट सरकवला तेव्हा तिने सोडली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

घरी आल्यावर विजया आधी खालच्या खणाशी गेली. मी म्हणालो, "विजया, एक सांगायचं आहे," आणि पुन्हा हवामानाशी येऊन थांबलो. तेवढ्यात लीना खालून धावत आली. मागे भाभी, दारातच उभ्या. लीनाच्या हातात चौघडी दुपटं होतं. जांभळे काठ चारी बाजूंनी, आणि अंगभर लाल धावदोरा. एक ओळ सरळ निघून मध्येच काठाला भेटायला गेलेली, दुसरी तिला शोधायला. मी कात्री लावलेल्या जागी ठिगळ.

"मी शिवलं," ती म्हणाली. "आणि आई, ते लुगडं बाबांनी नाही घेतलं. मी दिलं काढून. मला माहीत होतं ते तिच्या दुपट्यासाठी ठेवलंय. मला ते माझ्या बाळाला हवं होतं. तिला द्यायचं नव्हतं." मग हुंदका आवरून म्हणाली, "पण उरलेलं सगळं तिला दिलंय. जास्त तिलाच दिलंय."

म्हणजे ती विसरली नव्हती! ते उपाशी राहणं, बोटांच्या पट्ट्या, हरवलेली सुई, आइस्क्रीमवरचं रडणं. मी रोज शंभर गेज वाचतो, कुठला काटा कुठे हलला ते लांबून सांगतो. आणि माझ्या घरात, माझ्या नाकासमोर!

विजया खाली बसली. दुपटं नाकाशी धरलं. मला वाटलं आता उठेल आणि भांड्यांकडे जाईल. ती पाठमोरी झाली नाही. आमच्याकडे तोंड करूनच रडली आणि रडता रडता हसली. "आईचा धावदोरा असाच जायचा," ती म्हणाली, "चष्मा लावायची नाही ना." मग लीनाला ओढून मांडीवर घेतलं, एवढी मोठी झाली तरी, आणि सुचित्राला दुपट्यात गुंडाळून लीनाच्या मांडीवर दिलं.

त्यानंतर आमचं बाळ आणलं. विजयाने झबलं पाहिलं, वाळे वाजवले, कुंची मागून चिरलेली तिने तात्काळ ओळखली. लीनाने दोघींची ओळख करून दिली, "बाळ, ही मावशी."

तेवीस वेळा धुतलेल्या कापडाबद्दल विजयाने विचारलं. गाडी पुसायला आणलंय, असं सांगितलं. भाभी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

शुक्रवार, १९ मे

दीड महिना डायरीला वेळ झाला नाही. घरात दोन बाळं आहेत.

उकाडा सुरू झालाय. सकाळी विजयाने सुचित्राला पालथं टाकलं होतं. एकदम लीनाची हाक आली, "आई! बाबा! लवकर या!" धावलो. सुचित्राने डोकं वर उचललं होतं. लटलट कापत होतं, पण खाली आलं नाही. आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि लाळ गाळली.

"मान धरली गं बाई," विजया म्हणाली.

लीनाने हात तिच्या हनुवटीखाली तयार ठेवला होता, लागलाच तर. लागला नाही. थोड्या वेळाने तिने तो काढून घेतला आणि कुठेतरी गेली.

मी पेपर वाचत होतो. लीना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात माझा शिवणाचा डबा, त्यात लांब सुईही परत आलेली.

"बाबा, ती रबरी नळी आहे अजून?"

"आहे. का गं?"

तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, सवयीने मानेखाली हात धरूनच, आणि हात सावकाश सोडवून घेतला.

"चार महिने झाले," ती म्हणाली. "आता हिचीही करा."

मी ड्रॉइंग काढलं नाही. नळीचा तुकडा कापला, मानेची शिवण उसवून आत सरकवला आणि पुन्हा टाके घातले, या वेळी उलट्या बाजूने. दहा मिनिटं लागली. लीना जवळ बसून बघत होती. बाळ ताठ बसलं तेव्हा तिने टाळी वाजवली आणि त्याला मावशीला दाखवायला घेऊन गेली, नुसतं कडेवर घेऊन, एका हाताने.